कुलूप बदलण्याआधी चौकट पाहा

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. शेजारच्या घरात भरदिवसा चोरी झाली. घरची मंडळी तीन-चार तास बाहेर होती, तेवढ्यात पुढच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटून चोर आत शिरले. कुलूप कोयंड्यात तसंच लटकलेलं सापडलं. ताईंचं घरही त्याच बांधणीचं आहे: तळमजला, पुढे लाकडी दार, मागे स्वयंपाकघराचं दार, वर गच्ची, चार सरकत्या खिडक्या आणि न्हाणीघराला काचेच्या पट्ट्यांचा झरोका. घरात आता तीन मतं आहेत. यजमान म्हणतात, फोनवरून चालणारं कुलूप आणि चार कॅमेरे लावू. सासूबाई म्हणतात, सगळ्या खिडक्यांना जाड ग्रिल ठोका. ताईंना भीती वाटते की ग्रिल लावलं आणि कधी आग लागली तर आपणच आत अडकू. पैसे सगळ्यासाठी पुरणारे नाहीत. त्या विचारतात, “सगळ्यात मजबूत कुलूप कोणतं ते सांगा, म्हणजे निदान तेवढं तरी पक्कं करून टाकते.”

ताई,

शेजारी चोरी झाल्यावर रात्री दोनदा उठून कडी तपासावीशी वाटते, यात काही वावगं नाही. घाबरलेल्या मनाने केलेली खरेदी मात्र बहुतेक वेळा चुकते. म्हणून आठवडाभर काही विकत घेऊ नका. त्या आठवड्यात करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं पुष्कळसं जवळजवळ बिनखर्चाचं आहे.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. “सगळ्यात मजबूत कुलूप कोणतं” असं विचारताना आपण धरून चालतो की चोर कुलुपाशी झुंजतो. शेजारी काय झालं ते तुम्हीच लिहिलं आहे. कुलूप शाबूत राहिलं, लाकडात रुतलेले कोयंड्याचे स्क्रू बाहेर आले. त्या जागी दुप्पट वजनाचं कुलूप असतं तरी फरक पडला नसता.

कुलूप हुशारीने उघडायला किती वेळ जातो याचा एक गाजलेला दाखला आहे. १८५१ साली लंडनमध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा अल्फ्रेड हॉब्स या अमेरिकी कारागिराने ब्रामा कंपनीचं नामांकित कुलूप उघडून दाखवलं. ते कुलूप कित्येक वर्षं दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून ठेवलेलं होतं. हॉब्सला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. घर फोडणाऱ्याकडे एवढी सवड नसते. तो कटावणी, मोठा स्क्रू ड्रायव्हर किंवा नुसती लाथ वापरतो आणि दाराचा सगळ्यात कच्चा भाग शोधतो.

दारं-खिडक्यांच्या युरोपीय मानकातही, म्हणजे ईएन १६२७ मध्ये, हीच दृष्टी आहे. त्यात ‘अभेद्य’ असा वर्गच नाही, वर्ग आहेत ते वेळेचे. आरसी २ वर्गाचं दार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा साधनांसमोर ३ मिनिटं टिकावं लागतं. आरसी ३ वर्गाचं दार कटावणीसह ५ मिनिटं. आणि चाचणी होते ती चौकट, बिजागऱ्या, कुलूप आणि काच यांच्यासकट अख्ख्या दाराची. तुम्हालाही तेवढंच साधायचं आहे: काही मिनिटांची खोटी, आणि त्या मिनिटांत भरपूर आवाज.

म्हणून पहिलं काम असं करा. पुढचं दार कुलूपबंद करा. घरातल्या कोणाला तरी आत टॉर्च घेऊन उभं करा आणि तुम्ही बाहेरून खांद्याने तीन ठिकाणी रेटा: कुलपाजवळ, वरच्या कोपऱ्यात, खालच्या कोपऱ्यात. आतल्या माणसाने चौकटीवर नजर ठेवायची. वरचा किंवा खालचा कोपरा बोटभर आत येत असेल तर दार एकाच बिंदूवर तोललेलं आहे. कुलपाचा दांडा ज्या पट्टीत शिरतो ती पट्टी हलत असेल तर तिचे स्क्रू आखूड आहेत. आणि चौकट व गिलावा यांच्यामधली रेघ उघडत असेल तर चौकटच भिंतीत सैल झाली आहे. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून दुकानात जाण्याआधी कोणता दोष आहे ते कळलं पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो मधला दोष. चौकटीवरच्या त्या पट्टीला स्ट्राइक प्लेट म्हणतात. कुलपाच्या डब्यात तिच्यासोबत येणारे स्क्रू साधारण २० ते २५ मि.मी. लांबीचे असतात. ते चौकटीच्या कडेच्या लाकडातच संपतात. लाथ बसते तेव्हा कुलूप आणि दार दोन्ही धड राहतात, चौकटीची ती बारीक कड मात्र उभी चिरते.

दुरुस्ती एका सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, हात चालत असेल तर स्वतःही करता येतं. जुनी पट्टी काढा आणि आधी मागचं भोक तपासा. दांड्याच्या टोकाला खडू किंवा लिपस्टिक लावून किल्ली पूर्ण फिरवा, मग दार उघडून खूण कुठे उमटली ते पाहा. पुष्कळ घरांत भोक उथळ असतं, त्यामुळे २५ मि.मी.चा दांडा जेमतेम १५ मि.मी. बाहेर येऊन थांबतो. असा अर्धवट आलेला दांडा अडकून बसत नाही, तो मागे ढकलता येतो. भोक पटाशीने खोल करून दांडा पूर्ण बाहेर आला की कुलूप न बदलताच दार बरंच सुधारतं.

मग नवी पट्टी. ती निदान ३ मि.मी. जाडीच्या पोलादाची, लांब, चार ते सहा भोकांची घ्या. भोकं एका रेषेत नसून नागमोडी असावीत. सरळ रेषेतले स्क्रू लाकडाच्या एकाच रेषेवर बसतात आणि तिथूनच ते चिरतं. स्क्रू ७५ मि.मी. लांब, ५ मि.मी. जाड. आधी ३ मि.मी.चं भोक पाडा, लाकूड कठीण असेल तर साडेतीनचं, आणि स्क्रूला साबण किंवा मेण लावा. स्क्रू किंचित भिंतीच्या बाजूला तिरका जाऊ द्या. काळे, बारीक ड्रायवॉलचे स्क्रू इथे अजिबात नकोत. ते ठिसूळ असतात, आडवा धक्का बसला की त्यांची मान तुटते.

चौकटीमागे लाकडी सांगाडा असेल तर ७५ मि.मी.चा स्क्रू त्यात पकड घेतो. मागे वीट किंवा काँक्रीट असेल तर नुसता स्क्रू उपयोगाचा नाही. तिथे नायलॉनच्या नळीसह येणारे चौकटीचे लांब फास्टनर लागतात, ८ किंवा १० मि.मी. जाडीचे, आणि त्यांची लांबी अशी हवी की चौकट ओलांडून निदान ५० मि.मी. भाग विटेत जाईल. ड्रिल दोन विटांमधल्या सांध्यात गेलं तर पकड बसत नाही. भोकातून भुसभुशीत वाळू येऊ लागली की थांबा आणि जागा थोडी वर-खाली घ्या. हेच फास्टनर दोन्ही बाजूंच्या उभ्या लाकडांत वर, मध्ये आणि खाली मारले की सैल चौकटही भिंतीला घट्ट धरते. चौकटीमागे पोकळी असेल तर आवळण्याआधी तिथे लाकडी पट्टी सारा, नाहीतर चौकट वाकते आणि दार अडकू लागतं.

आता कडी-कोयंडा. त्याच्याविरुद्ध दोन गोष्टी आहेत आणि दुसरी पहिलीहून वाईट आहे. पहिली म्हणजे स्क्रू, त्याबद्दल लिहिलंच. दुसरी अशी की बाहेर लटकणारं कुलूप रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगतं की घरात कोणी नाही. दाराच्या आत बसणारं कुलूप हे सांगत नाही. तुमच्या पैशांतून एकच नवीन कुलूप घ्यायचं असेल तर ते चौकोनी, न दबणाऱ्या दांड्याचं घ्या, ज्याला डेडबोल्ट म्हणतात, दांडा निदान २५ मि.मी. बाहेर येणारा. स्प्रिंगवर चालणारी तिरकी जीभ असलेलं साधं लॅच एकट्याने पुरत नाही. दार नुसतं ओढून घेतलेलं असेल तर फटीतून प्लास्टिकची पट्टी सरकवूनही ती जीभ मागे जाऊ शकते.

कडी-कोयंडा ठेवायचाच असेल, म्हणजे मागच्या दाराला किंवा गच्चीला, तर त्याचे स्क्रू काढून आरपार बोल्ट घाला. बोल्टचं डोकं बाहेरून गोल, गुळगुळीत, पाना न बसणारं हवं. आतून रुंद लोखंडी पट्टी, तिच्यावर वॉशर आणि नट. पट्टीमुळे ताण लाकडाच्या मोठ्या भागावर पसरतो. कडी बंद असताना बोल्टची डोकी तिच्याखाली झाकली जावीत. कुलूप असं घ्या की त्याच्या कमानीचा जेमतेम तुकडा उघडा राहील. लांब कमानीत कटावणी किंवा कटर सहज बसतो.

दाराचा पल्ला पोकळ आहे का, ते टकटक करून पाहा. बाहेरचं दार भरीव हवं, ३५ मि.मी.पेक्षा कमी जाडीचं नको. ३५ मि.मी.च्या पल्ल्यात कुलपासाठी १६ मि.मी.ची खाच कोरली की दोन्ही बाजूंना साडेनऊ मि.मी. लाकूड उरतं, म्हणजे कुलपाची जागा हीच दाराची सगळ्यात पातळ जागा होते. म्हणून पातळ पल्ल्यावर आतून वरच बसणारं कुलूप बरं. खाच आधीच असेल तर पल्ल्याच्या कडेला तिन्ही बाजूंनी कवेत घेणारी पत्र्याची पट्टी आरपार बोल्टने लावा. दुसरं कुलूप पहिल्याला खेटून कधीच बसवू नका. एक वरून तिसऱ्या हिश्शावर, एक खालून तिसऱ्या हिश्शावर, असं अंतर ठेवलं की दार दोन ठिकाणी धरलं जातं. वरच्या-खालच्या कोपऱ्यांना आतून एकेक बोल्ट लावला तर रात्रीपुरतं काम भागतं. तुम्ही बाहेर असताना तो उपयोगाचा नाही, हे लक्षात असू द्या.

दोन पल्ल्यांचं दार असेल तर जो पल्ला रोज उघडत नाही त्याच्याकडे आधी पाहा. त्याच्या वरच्या आणि खालच्या खिट्ट्या चौकटीत व फरशीत निदान २५ मि.मी. शिरल्या पाहिजेत. खालच्या भोकात माती साचून खिट्टी वरच्यावर टेकलेली असते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. तसं असेल तर कुलूप कितीही चांगलं असलं तरी दोन्ही पल्ले एकदम आत ढकलले जातात.

बिजागऱ्यांचं काम छोटं आहे. दार बाहेर उघडत असेल तर तिची पिन बाहेरून दिसते आणि ठोकून काढता येते. बिजागरीच्या दोन पानांतला समोरासमोरचा एकेक स्क्रू काढा. चौकटीच्या बाजूच्या भोकात जाड पोलादी खिळा असा बसवा की तो १० ते १२ मि.मी. बाहेर राहील, आणि समोरच्या पानातलं भोक तो आत शिरेल एवढं मोठं व खोल करा. दार बंद झालं की खिळा त्यात बसतो. मग पिन काढली तरी पल्ला निघत नाही. वरच्या आणि खालच्या बिजागरीला हे करा.

आत गोल किंवा लंबगोल सिलिंडर असलेलं, म्हणजे किल्ली जिच्यात फिरते ती नळी दारातून आरपार गेलेलं कुलूप तुमच्याकडे असेल, तर सिलिंडर बाहेरच्या पट्टीपेक्षा ३ मि.मी.हून जास्त पुढे आलेला नसावा. पुढे आलेला भाग पकडीत धरून मोडता येतो, कारण मधल्या स्क्रूच्या भोकापाशी सिलिंडर सगळ्यात बारीक असतो. नवीन घेताना त्या मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंची लांबी वेगवेगळी मोजा. ३० आणि ४० अशी असमान मापं मिळतात. बरेचदा दुकानात हाताला लागेल ते माप दिलं जातं आणि तिथेच घोळ होतो. किल्ली हरवली असेल किंवा घर नुकतंच ताब्यात आलं असेल तर अख्खं कुलूप न बदलता नुसता सिलिंडर बदलला तरी पुरतं.

आता जरा घराभोवती फिरून या, चोराच्या वाटेने. पुढच्या दारासाठी आपण हौसेने खर्च करतो आणि स्वयंपाकघरामागचं दार पातळ प्लायच्या चौकोनांचं राहतं. तो चौकोन एका लाथेत निघतो आणि मग हात आत घालून कडी काढता येते. आतून त्या चौकोनांवर १२ मि.मी.चं प्लाय किंवा लोखंडी पत्रा आडव्या पट्ट्यांसह बसवा. दार ॲल्युमिनियमचं असेल तर काच किंवा पॅनेल धरणारी पट्टी कोणत्या बाजूला आहे ते पाहा. ती बाहेरून असेल तर पातळ पात्याने उचकटते आणि अख्खं पॅनेल हातात येतं. अशी पट्टी आतल्या बाजूला घ्यावी लागते.

गच्चीचं दार ऊन-पावसाने खालून कुजतं. खालच्या वीतभर भागात स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर आधी लाकूड बदला, मग कुलपाचं बोला. गच्चीवर जायला बाहेरून काय मदत मिळते तेही पाहा: भिंतीला टेकलेली शिडी, पाण्याचा पाइप, टाकी, झाडाची फांदी. शिडी साखळीने बांधा. खिडक्यांसमोरची झुडपं मीटरभर उंचीच्या खाली ठेवा आणि झाडाच्या फांद्या जमिनीपासून दोन मीटरपर्यंत छाटा, म्हणजे मधला पट्टा रस्त्यावरून दिसत राहतो.

न्हाणीघराचा झरोका छोटा म्हणून सोडून देऊ नका. माणसाचं डोकं जाईल एवढी जागा असेल तर ती वाट समजा. काचेच्या पट्ट्या ज्या पातळ चिमट्यांत बसतात ते चिमटे वाकवले की पट्ट्या एकेक करून, आवाज न होता निघतात. पट्ट्या चिमट्यांत इपॉक्सीने चिकटवणं हा तात्पुरता उपाय. आतून बसवलेली गजांची चौकट हा कायमचा.

तुमच्या सरकत्या खिडक्यांची परीक्षा सोपी आहे. खिडकी बंद करा, दोन्ही हातांनी झडप वर उचला. ती खालच्या रुळावरून सुटत असेल तर बाहेरूनही सुटेल, मधली खिट्टी लावलेली असली तरी. वरच्या खोबणीत झडपेच्या बरोबर वर दोन-तीन स्क्रू असे बसवा की त्यांची डोकी आणि झडप यांच्यात एक-दोन मि.मी. जागा राहील. झडप सरकेल, पण उचलली जाणार नाही. आणि आतल्या रुळात मोकळ्या जागेच्या नेमक्या मापाचा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा आडवा टाका. चारही खिडक्यांचं हे काम एका सकाळीत होतं. दुरुस्तीसाठी झडप काढायची वेळ आली तर आधी वरचे स्क्रू काढावे लागतील, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

काचेबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. टफन केलेली काच चोरापासून वाचवते असं धरलं जातं. ती धक्का सोसते खरी, पण टोकदार वस्तूचा नेमका घाव बसला की तिचा एकाच वेळी भुगा होतो आणि वाट मोकळी. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच तडकते, पण जागेवर धरून राहते. ६.३८ मि.मी. हे तिचं नेहमीचं किमान माप: तीन अधिक तीन, आणि मधला थर ०.३८. जुन्या काचेवर चिकटवायची सुरक्षा फिल्मही मिळते. ती काचेच्या दिसणाऱ्या भागापुरतीच लावली आणि कडेने चौकटीला सीलंटने जोडली नाही, तर काच फिल्मसकट एका तुकड्यात आत ढकलली जाते. दाराशेजारी काच असेल आणि ती फोडून हात आतल्या कडीपर्यंत पोचत असेल, तर लॅमिनेटेड काचेची पहिली जागा ती.

आता ग्रिल. सासूबाई आणि तुम्ही, दोघींचंही म्हणणं बरोबर आहे. तळमजल्याच्या खिडकीपाशी चांगल्या ग्रिलइतका वेळ चोराला दुसरं काही अडवत नाही. आणि तुमची भीतीही अगदी खरी आहे. आगीत धूर काही मिनिटांत खोली भरतो, आणि दाराकडची वाट बंद झाली तर पक्कं ग्रिल लावलेली खिडकी भिंतीसारखीच असते. म्हणून ग्रिल लावा, पण प्रत्येक झोपायच्या खोलीतल्या एका खिडकीचं ग्रिल उघडणारं करा. त्यावर कुठेही तडजोड करू नका.

उघडणाऱ्या भागाची मोकळी जागा निदान ५०० मि.मी. रुंद आणि ६०० मि.मी. उंच हवी, शक्य असेल तर एकूण अर्धा चौरस मीटर. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून १.१ मीटरपेक्षा उंच असेल तर खाली पक्की पायरी किंवा पेटी ठेवा. सरकत्या खिडकीत निम्मीच रुंदी मोकळी होते, हे मापताना विसरलं जातं. ग्रिलचं दार मोठं आणि मागची काच अर्धीच उघडते असं होऊ देऊ नका. ग्रिलची कडी आतून किल्लीविना उघडणारी असावी आणि तिच्यावर तिन्ही बाजूंनी पत्र्याची डबी वेल्ड करून घ्या, म्हणजे बाहेरून हात किंवा तार घालून ती सरकवता येणार नाही.

वेल्डरला या गोष्टी आधीच सांगा. गज भरीव, निदान १२ मि.मी. जाडीचे; पोकळ नळीचे नकोत, त्या लवकर कापल्या जातात आणि आतून गंजतात. गजांमधलं अंतर १०० मि.मी.च्या आसपास, १२५ च्या वर नाही. उभ्या गजांना दर ६०० मि.मी.च्या आत आडवी पट्टी, नाहीतर दोन गजांमध्ये जॅक लावून ते फाकवता येतात. प्रत्येक सांध्याला पूर्ण वेल्डिंग, एक-एक टाका मारून सोडलेलं नाही. पाय भिंतीत ७५ ते १०० मि.मी. आत आणि टोकं फाकवलेली. ग्रिल खिडकीच्या लाकडावर स्क्रूने बसवायचा आग्रह कोणी धरला तर नाही म्हणा. स्क्रू बाहेरून दिसत असतील तर ते ग्रिल चोर शांतपणे उतरवून ठेवतो. पूर्वीचं असं ग्रिल असेल तर स्क्रूच्या डोक्यांवर वेल्डिंगचा टाका मारून घ्या. शक्य तिथे ग्रिल काचेच्या आतल्या बाजूला बसवा. खालचा आडवा गज जिथे भिंतीला भेटतो तिथे पाणी साचून गंज धरतो, म्हणून तिथे सिमेंटला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि वर्षातून एकदा हातोडीने ठोकून पाहा.

यजमानांच्या कॅमेऱ्यांवर मी थोडक्यात सांगते. कॅमेरा दार बंद ठेवत नाही, झालेलं दाखवतो. चौकट आणि खिडक्या झाल्यावर उरलेल्या पैशांत एक चांगला कॅमेरा पुढच्या दाराशी लावा, चार नकोत. अनोळखी चेहरा ओळखता यावा यासाठी चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. १९२० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याला ते सुमारे साडेसात मीटर रुंदीपर्यंतच जमतं. अख्खं अंगण दिसावं म्हणून छताजवळ लावलेल्या कॅमेऱ्यात टोप्या आणि डोकी दिसतात. दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, येणाऱ्याच्या समोर लावा, आणि रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, नाहीतर चोर तोही घेऊन जाईल.

फोनवरच्या कुलुपाला माझा विरोध नाही. सोय आहे, किल्ली हरवायची भीती नाही. पण त्याचाही दांडा त्याच चौकटीत शिरतो. शिवाय दार थोडं फुगून दांडा घासू लागला की मोटर अडखळते आणि बॅटरी लवकर संपते. आधी चौकट, मग ते. घेताना बाहेरून किल्लीचीही सोय आहे का आणि आतून हाताने मूठ फिरवून उघडतं का, हे पाहा. आतूनही किल्ली लागणारं कुलूप राहत्या घराच्या मुख्य दाराला नको. धुरात किल्ली शोधणं फार अवघड असतं.

दाराशी दिवा मात्र हवा. रात्रभर मंद जळणारा एक, आणि मागच्या बाजूला हालचालीवर पेटणारा एक, दोन ते अडीच मीटर उंचीवर. हा सेन्सर समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला लवकर टिपतो, म्हणून तो वाटेच्या टोकाला न लावता वाटेच्या बाजूला लावा.

तुमच्या हातातल्या पैशांचा क्रम मी असा लावला असता. या आठवड्यात दाराची परीक्षा, दांड्याचं भोक, खिडक्यांच्या रुळातले दांडे आणि वरचे स्क्रू, शिडीची साखळी, कुंडीखालची जादा किल्ली घरात. मग सुताराचा एक दिवस: दोन्ही दारांच्या पट्ट्या, चौकटीचे फास्टनर, बिजागऱ्यांचे खिळे, मागच्या कडी-कोयंड्याचे आरपार बोल्ट, पुढच्या दाराला डेडबोल्ट. त्यानंतर ग्रिल, आणि तीही एकदम चार नाही; रस्त्यावरून न दिसणाऱ्या खिडक्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे काम करायला निवांतपणा मिळतो. झरोका त्याच फेरीत. कॅमेरा शेवटी.

ग्रिल बसल्याच्या पहिल्याच संध्याकाळी खोलीतले दिवे मालवा आणि सासूबाईंना त्या उघडणाऱ्या भागाची कडी एकट्याने काढायला सांगा. कडी घट्ट वाटली, उंच पडली किंवा अंधारात सापडली नाही, तर वेल्डरला दुसऱ्या दिवशी परत बोलवा आणि ती त्यांच्या हाताला जमेल अशी करून घ्या.